लाइफटाइम मोजताना नको असलेला प्रकाश : बॅकग्राउंड ओळखायचे कसे, कमी करायचे कसे

फ्लुओरेसन्स लाइफटाइम, म्हणजे प्रकाशाने जागा झालेला रेणू चमकण्याआधी सरासरी जेवढा थांबतो तो काळ, मोजायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला एक प्रकार हमखास भेटतो. डाय (चमकणारा पदार्थ) एकच, द्रावण दिसायला स्वच्छ, तरी एका एक्स्पोनेन्शिअलवर, म्हणजे एकाच लाइफटाइमने विझणाऱ्या वक्रावर, फिट बसत नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये दुसरा घटक वाढवला जातो. तरी नाही बसले तर तिसरा. आता आलेख देखणा दिसतो, पण तक्त्यात ४० पिकोसेकंदांचा एक आणि ३० नॅनोसेकंदांचा एक असे दोन नवे पाहुणे आलेले असतात. त्या रेणूशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो. पहिला बहुधा विखुरलेला लेसर असतो, दुसरा डिटेक्टरचा डार्क काउंट, म्हणजे प्रकाश नसतानाही पडणारे काउंट.

हा लेख अशा पाहुण्यांना दारातच ओळखण्यासाठी आहे. तुमच्याकडे पल्स लेसर, एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर आणि टीसीएसपीसीचे (एकेका फोटॉनची वेळ नोंदवणाऱ्या पद्धतीचे) कार्ड किंवा मॉड्यूल आहे असे मी धरून चालतो. मोजमाप क्युव्हेटमध्ये असो वा मायक्रोस्कोपखाली, तर्क तोच. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बॅकग्राउंड कमी करायला धावण्याआधी ते कोणत्या जातीचे आहे ते ठरवा, कारण प्रत्येक जातीचा उपाय वेगळा असतो आणि एकीचा उपाय दुसरीला लावला तर मोजमाप आणखी बिघडते. सॉफ्टवेअरमधली वजाबाकी सगळ्यात शेवटी.

यंत्रात काय चालते ते दोन वाक्यांत. लेसरचा पल्स सुटतो, नमुन्यातून एखादा फोटॉन डिटेक्टरवर येतो, दोहोंमधला वेळ मोजला जातो आणि त्या वेळेच्या चॅनेलमध्ये एक काउंट पडतो. असे लाखो काउंट साठले की हिस्टोग्राम तयार होतो. फोटॉन डायकडून आला की खोलीतल्या दिव्याकडून, हे यंत्राला कळत नाही, ते फक्त वेळ लिहून ठेवते. पण तेवढी वेळच आपल्याला बरेच काही सांगून जाते.

पाच टक्क्यांनी काय बिघडते?

समजा डायचा खरा लाइफटाइम ४ नॅनोसेकंद आहे आणि लेसर २० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे दोन पल्समध्ये ५० नॅनोसेकंदांचे अंतर. पल्स या ५० नॅनोसेकंदांच्या खिडकीच्या अगदी सुरुवातीला आहे असे धरू. फोटॉन सरासरी किती वेळाने आले एवढेच काढले (झटपट लाइफटाइम दाखवणारी बरीच सॉफ्टवेअर हेच करतात), तर उत्तर ४ यायला हवे.

आता एकूण काउंटपैकी ५ टक्के काउंट सपाट बॅकग्राउंडचे आहेत असे धरा. ते खिडकीभर सारखे पसरलेले, म्हणजे त्यांची सरासरी वेळ २५ नॅनोसेकंद. हिशोब असा : ०.९५ गुणिले ४, अधिक ०.०५ गुणिले २५, म्हणजे ५.०५. पाच टक्के भेसळीने लाइफटाइम पंचवीस टक्क्यांहून जास्त फुगला.

याउलट तेच ५ टक्के विखुरलेल्या लेसरचे असतील, तर त्यांची वेळ जवळपास शून्य. उत्तर ३.८ येते. चूक लहान, दिशा उलटी.

आणि आता गंमत. स्कॅटर, म्हणजे हाच विखुरलेला प्रकाश, ५ टक्के आणि सपाट बॅकग्राउंड १ टक्का असे एकत्र आले, तर उत्तर ४.०१ येते! दोन चुकांनी एकमेकींना झाकले आणि आकडा पुस्तकातल्याशी जुळला. म्हणून नुसता आकडा जुळला यावर समाधान मानू नये, हिस्टोग्रामचा आकार बघावा. तोही लॉग स्केलवर. साध्या स्केलवर तळाचा सगळा घोळ शिखराच्या सावलीत दडून राहतो.

पायरी १ : काहीही बदलण्याआधी तीन चाचण्या

पहिली चाचणी, लेसरचा झोत अडवून. इथे नवखे लोक लेसरच बंद करतात. बऱ्याच मांडण्यांत त्याबरोबर सिंकचा (पल्स सुटल्याची वेळ कळवणारा) सिग्नलही बंद होतो आणि हिस्टोग्राम भरतच नाही. म्हणून लेसर चालू ठेवा आणि नमुन्याच्या आधी शटरने झोत अडवा. शटर नसेल तर काळा केलेला धातूचा पत्रा वापरा. पांढरा कागद नको, त्यातला ब्राइटनर स्वतःच निळा चमकतो. लेसरचा चष्मा डोळ्यांवर हवाच. आता जे काउंट दिसतील ते डिटेक्टरचे डार्क काउंट आणि बाहेरून शिरलेला उजेड यांचे. लेसरशी त्यांचा संबंध नसल्याने ते सपाट पसरलेले दिसतात. खोलीतले दिवे लावून एकदा आणि बंद करून एकदा दर बघा. फरक पडला तर उजेड शिरतो आहे.

दुसरी चाचणी ब्लँकची. डाय सोडून बाकी सगळे तेच : तेच बफर, तीच क्युव्हेट, तोच लेसर, तेच फिल्टर, तेवढाच वेळ. ‘तेवढाच वेळ’ यावर जोर आहे. अनेक जण शिखर १०,००० काउंटवर गेले की थांबायचे असे सेटिंग ठेवतात. नमुना तिथे अर्ध्या मिनिटात पोचतो आणि ब्लँक तासाभरातही पोचत नाही. मग दोन्हींची शिखरे सारख्या उंचीची करून तुलना होते, आणि त्या तुलनेला काहीच अर्थ नसतो. दोन्ही मोजमापे ठरावीक सेकंदांची ठेवा.

ब्लँकचा आकार नीट पाहा. तो आयआरएफसारखा, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या प्रतिसादाइतकाच अरुंद असेल, तर स्कॅटर किंवा रामन (द्रावकातून तरंगलांबी बदलून विखुरलेला लेसर). काही नॅनोसेकंदांची शेपटी असेल, तर कुठेतरी चमकणारी अशुद्धी आहे. शिखराच्या मागे ठरावीक अंतरावर छोटे टेंगूळ असेल, तर परावर्तन. नुसताच सपाट असेल, तर पहिल्या चाचणीशी ताडून बघा.

तिसरी चाचणी फार कमी लोक करतात, आणि मला तीच सगळ्यात आवडते. नमुना आत ठेवून लेसरची तीव्रता निम्मी करा. ती लेसरच्या नॉबने करू नका, डायोड लेसरमध्ये तीव्रतेबरोबर पल्सचा आकारही बदलतो. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर झोतात घाला. आता शिखराच्या आधीचा सपाट तळ बघा. तो होता तिथेच राहिला, तर तो डार्क काउंट किंवा बाहेरचा उजेड. तोही निम्मा झाला, तर तो लेसरमुळेच तयार होतो आहे. मग संशयित तीन : डिटेक्टरचे आफ्टरपल्स (खऱ्या काउंटमागून येणारे खोटे काउंट), आधीच्या पल्सची न विझलेली शेपटी, किंवा नमुन्यातली सावकाश विझणारी फॉस्फोरेसन्स. झोत अडवून घेतलेल्या डार्क मोजमापात या तिघांपैकी एकही सापडत नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी २ : अंधार करा, खराखुरा

खोलीतला दिवा बंद करणे सोपे. त्रास बारक्या दिव्यांचा असतो : संगणकाचा पडदा, उपकरणांवरचे हिरवे-लाल एलईडी, चार्जरचा ठिपका. उपकरणांवरच्या एलईडींवर काळी टेप चिकटवा, पडदा नमुन्याकडे पाठ करून ठेवा. फट कुठे आहे हे शोधायला मंद टॉर्च घ्या आणि काउंटचा दर बघत तो झाकणाच्या कडा, फायबरचे जोड, फिल्टरचा सरकता कप्पा यांच्याभोवती हळूहळू फिरवा. एखाद्या जागी दर उसळी मारतो. तीच फट. नजर मात्र दरावरून हलू देऊ नका, डिटेक्टरच्या मर्यादेजवळ गेलात तर टॉर्च लगेच बाजूला.

फोटोमल्टिप्लायर असेल तर हाय व्होल्टेज चालू असताना झाकण उघडायचे नाही, हे सगळ्यांनाच सांगितले जाते. हाय व्होल्टेज बंद असतानाही फोटोकॅथोडवर खोलीचा उजेड पडला, तर नंतर कित्येक तास डार्क काउंट चढा राहतो, हे मात्र सांगायचे राहून जाते. सकाळी कोणी डिटेक्टर उघडा ठेवला असेल, तर दुपारच्या मोजमापात ते दिसते.

डार्क काउंट किती असावा, हे डिटेक्टरवर अवलंबून असते. निळ्या भागासाठीच्या फोटोमल्टिप्लायरला सेकंदाला काही दहा ते काहीशे, तांबड्या भागासाठीचा खोलीच्या तापमानाला असेल तर हजारोंच्या घरात, तो थंड केला की बराच कमी. फार मनाला लावून घेण्याआधी हिशोब करा. सेकंदाला १०० डार्क काउंट, ६० सेकंद मोजमाप, म्हणजे ६,००० काउंट. ते ४,०९६ चॅनेलमध्ये पसरले की दर चॅनेलला दीड. शिखर १०,००० वर असेल तर हा तळ पुसटसा दिसेल आणि फिटमध्ये एका ऑफसेटने निभावेल. पण सिग्नलच सेकंदाला ५०० काउंट असेल, तर हेच १०० जड पडतात. तिथे डिटेक्टर थंड करणे, किंवा सिग्नल वाढवणे, याला पर्याय नाही.

पायरी ३ : लेसरचा वेग ठरवा

८० मेगाहर्ट्झवर दोन पल्समध्ये फक्त १२.५ नॅनोसेकंद मिळतात. ४ नॅनोसेकंदांच्या डायचा तेवढ्या वेळात साधारण ४.४ टक्के प्रकाश शिल्लक राहतो, आणि तो पुढच्या पल्सच्या हिस्टोग्राममध्ये शिरतो. शिखराच्या आधीचा भाग मग सपाट नसतो, उतरता असतो. पण तो इतका हळू उतरतो की घाईत सपाटच वाटतो. त्यालाच ऑफसेट समजून वजा केले, की सिग्नलचाच एक भाग कापला जातो आणि लाइफटाइम कमी येतो.

सोपा नियम : दोन पल्समधले अंतर सगळ्यात लांब लाइफटाइमच्या निदान पाचपट ठेवा, तेव्हा शिल्लक ०.७ टक्क्यांच्या आत येते. तुमच्या मायक्रोस्कोपचा लेसर ८० मेगाहर्ट्झलाच बांधलेला असेल, तर आवर्ती पल्स धरून फिट करणारा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो निवडा.

याच्या जोडीला पाइल-अप. बॅकग्राउंडवर मात करायची म्हणून लेसर वाढवायचा मोह होतो. फोटॉनचा दर पल्सच्या दराच्या १ ते २ टक्क्यांवर गेला की एका पल्समागे दोन फोटॉन येण्याचे प्रसंग वाढतात, जुनी इलेक्ट्रॉनिक्स त्यातला पहिलाच मोजते, आणि लाइफटाइम खोटाच आखूड दिसतो. नवी मॉड्यूल ५ टक्क्यांपर्यंत तग धरतात. २० मेगाहर्ट्झला १ टक्का म्हणजे सेकंदाला दोन लाख काउंट. नवख्याने त्याखालीच राहावे.

आफ्टरपल्सचा मुद्दाही इथेच उरकतो. सिंगल फोटॉन अ‍ॅव्हलांच डायोडमध्ये एक फोटॉन मोजला गेला की अडकलेला विद्युतभार थोड्या वेळाने सुटतो आणि खोटा काउंट देतो. हे काउंट अनेक पल्सच्या काळावर पसरतात, म्हणून तळ सपाट दिसतो, आणि तो सिग्नलच्या प्रमाणात वाढतो. लेसर कमी करून हा दोष जात नाही. फिटमध्ये ऑफसेट मोकळा सोडा, आणि जमले तर हायब्रिड डिटेक्टर वापरा, त्यात आफ्टरपल्स जवळपास नसतातच.

पायरी ४ : स्कॅटर आणि रामन

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जावाही.

नमुन्यावर पडलेल्या प्रकाशातला थोडासा भाग त्याच तरंगलांबीवर विखुरतो. धूळ, प्रथिनांचे गोळे, बुडबुडे, क्युव्हेटवरचा ओरखडा, सगळे त्यात भर घालतात. फ्रिजमधून काढलेले द्रावण तसेच मोजायला ठेवले, तर ते तापताना भिंतीवर बारीक बुडबुडे धरतात. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गढूळ नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण घ्या. सिरिंज फिल्टर वापरायचा असेल, तर त्यातून आधी नुसते बफर गाळून ते मोजा. काही फिल्टरांतून चमकणारे पदार्थ पाझरतात, आणि मग धूळ घालवून अशुद्धी घेतल्यासारखे होते.

मूळ तरंगलांबीवरचा हा प्रकाश चांगल्या लाँग-पास (फक्त लांब तरंगलांबी पुढे सोडणाऱ्या) फिल्टरने अडतो. इथे दोन खाचाखोचा आहेत. इंटरफिअरन्स फिल्टर त्यावर प्रकाश सरळ पडला तरच कागदावर लिहिल्याइतका अडवतो. प्रकाश तिरका आला की त्याची कडा निळ्या बाजूला सरकते आणि लेसर गळतो. म्हणून तो समांतर झोतात बसवा. रंगीत काचेच्या फिल्टरला कोनाची तक्रार नसते, पण लेसर त्यावर पडला की तो स्वतःच चमकतो. दोन्ही वापरायचे असतील तर इंटरफिअरन्स फिल्टर नमुन्याच्या बाजूला, काच त्याच्या मागे. उलटे लावले की फिल्टरचाच लाइफटाइम मोजला जातो.

डायोड लेसरला आणखी एक खोड असते. मुख्य रेषेच्या आजूबाजूला तो पसरट, फिकट उजेड टाकतो. लेसरच्या तोंडाशी अरुंद क्लीन-अप फिल्टर नसेल, तर तो उजेड नमुन्यावरून विखुरून थेट तुमच्या एमिशनच्या, म्हणजे डायच्या प्रकाशाच्या, खिडकीतून आत येतो. एमिशन फिल्टर तो कसा अडवणार? त्याच्या लेखी तो रास्त प्रकाश आहे.

मोनोक्रोमेटर वापरत असाल तर दुसऱ्या ऑर्डरचाही विचार करा. ३७५ नॅनोमीटरचा लेसर ७५० वर पुन्हा उगवतो. एक लाँग-पास घातला की प्रश्न मिटला.

आता रामन. हा प्रकाश लांब तरंगलांबीला सरकलेला असतो, म्हणून नुसता लेसर अडवणारा फिल्टर त्याला अडवत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली हा परिणाम जाहीर केला, आणि पाण्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो आजही रोज भेटतो. पाण्याचे मुख्य शिखर लेसरपासून तरंगसंख्येत साधारण ३,४०० प्रति सेंटिमीटर दूर असते. आकड्यांत सांगायचे तर, ३७५ नॅनोमीटरच्या लेसरला ते ४३० च्या आसपास पडते, ४०५ ला ४७० जवळ, ४८८ ला ५८५ जवळ आणि ५३२ ला ६५० जवळ. इथेनॉलसारख्या द्रावकांत कार्बन-हायड्रोजन बंधाचे शिखर २,९०० च्या आसपास असते, म्हणजे लेसरच्या थोडे जवळ. आपल्या लेसरसाठी हा हिशोब एकदा करून कागद यंत्रावर चिकटवून ठेवा, आणि एमिशनचा पट्टा निवडताना ती जागा टाळा.

शिखर रामनचे की अशुद्धीचे, अशी शंका आली तर लेसरची तरंगलांबी थोडी बदला. रामन सोबत सरकतो, फ्लुओरेसन्स जागचा हलत नाही. लेसर एकाच तरंगलांबीचा असेल, तर ब्लँकच्या हिस्टोग्रामचा आकार बघा, रामनला शेपटी नसते. एमिशनचा पट्टा हलवणे शक्यच नसेल, तर जड पाणी हा एक जुना डाव आहे. त्याचे शिखर साधारण २,५०० वर असते, म्हणजे ४०५ च्या लेसरला रामन ४७० वरून ४५० कडे जातो. पण जड पाण्यात काही डायचा लाइफटाइमच बदलतो. त्यामुळे हा डाव शेवटचा.

पोलरायझरबद्दल थोडेसे. उभ्या पोलरायझेशनचा लेसर नव्वद अंशांत विखुरला की बहुतांशी उभाच राहतो. एमिशन पोलरायझर आडवा केला की स्कॅटर झपकन पडतो, आणि कोणाला वाटेल की झाले काम. पण डाय फिरण्याचा वेग लाइफटाइमच्या जवळपास असेल, तर आडव्या मोजमापात फिरण्याचा परिणाम मिसळतो आणि डीके, म्हणजे विझण्याचा वक्र, वाकडा होतो. लाइफटाइमसाठी पोलरायझर ५४.७ अंशांवर, म्हणजे मॅजिक अँगलवर ठेवा. आडवा पोलरायझर हा स्कॅटर आहे की नाही हे ओळखण्यापुरता चांगला.

पायरी ५ : द्रावक, क्युव्हेट, पुसायचा कागद

ब्लँकमध्ये नॅनोसेकंदांची शेपटी दिसली तर आधी बाटलीवर संशय घ्या. क्रोमॅटोग्राफीसाठीचा शुद्ध द्रावक फ्लुओरेसन्ससाठीही शुद्ध असेलच असे नाही, स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाचा घ्या. पाणी यंत्रातून ताजे काढा, प्लॅस्टिकच्या बाटलीत आठवडाभर ठेवलेले नको. बफरमधले क्षार, सरफॅक्टंट, ग्लिसरॉल हे एकेक करून ब्लँकमध्ये घालून बघा. असे एकेक घालत गेले की चोर सापडतो, सगळे एकदम बदलले की सापडत नाही.

प्लॅस्टिकची क्युव्हेट अल्ट्राव्हायोलेटमध्ये चमकते, तिथे क्वार्ट्झच हवी. ती वरच्या कडेला धरा, बोटांचे ठसे चमकतात. पुसायला साधा टिश्यू पेपर वापरू नका, त्यातही ब्राइटनर असू शकतो आणि तंतूही सुटतात. लेन्स पुसायचा कागद वापरा.

डाय पातळ ठेवा, लेसरच्या तरंगलांबीवर शोषण ०.१ च्या खाली. सिग्नल वाढावा म्हणून डाय घट्ट केला, तर सुटलेला प्रकाश शेजारच्या रेणूंनी पुन्हा शोषला जातो आणि लाइफटाइम लांबलेला दिसतो. म्हणजे बॅकग्राउंड गेले आणि दुसरी चूक आली.

पायरी ६ : टेंगळे

डीकेवर शिखरानंतर छोटे टेंगूळ असेल तर किती नॅनोसेकंदांनी आहे ते मोजा आणि पट्टी हातात घ्या. प्रकाश हवेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, काचेच्या फायबरमध्ये सुमारे २०. दोन पृष्ठभागांमध्ये जाऊन परत यायचे असल्याने १ नॅनोसेकंदाचे टेंगूळ म्हणजे हवेत १५ सेंटिमीटर अंतरावरचे दोन पृष्ठभाग. लेन्स आणि फिल्टर, किंवा फिल्टर आणि डिटेक्टरची काच, अशी जोडी शोधा आणि एकाला किंचित तिरके करा. किंचितच, नाहीतर वर सांगितलेला फिल्टरच्या कोनाचा घोळ होतो.

टेंगूळ प्रकाशाचे नसून केबलचे असू शकते. साध्या कोअ‍ॅक्सिअल केबलमध्ये सिग्नल मीटरला ५ नॅनोसेकंद घेतो, म्हणून एक मीटर केबलच्या टोकाचे परावर्तन १० नॅनोसेकंदांनी उगवते. केबल बदलल्यावर टेंगूळ सरकले, तर दोष ऑप्टिक्सचा नाही.

पायरी ७ : पेशी आणि ऊती

इथे ब्लँक कधीच कोरा नसतो, कारण जिवंत पेशी स्वतःच चमकते. पेशीतला एनएडीएच हा रेणू ३४० ते ३६० नॅनोमीटरला जागा होतो आणि ४६० च्या आसपास प्रकाश देतो. फ्लॅविन ४५० ला जागे होतात आणि ५३० जवळ दिसतात, म्हणजे अगदी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या (जीएफपीच्या) खिडकीत. लिपोफ्युसिन या पेशीतल्या रंगद्रव्याचा पट्टा तर एवढा रुंद की कुठलाही फिल्टर त्याला पुरा टाळत नाही.

यामुळे एफआरईटीचे (डोनर रेणूची ऊर्जा जवळच्या दुसऱ्या रेणूकडे जाते आणि डोनरचा लाइफटाइम आखडतो, त्याचे) निष्कर्ष कसे फसतात ते बघा. डोनर म्हणून वापरलेल्या ईजीएफपीचा (जीएफपीच्या एका प्रकाराचा) लाइफटाइम साधारण २.५ नॅनोसेकंद. पेशीत प्रथिन कमी बनले असेल, तर त्यात आखूड लाइफटाइमच्या ऑटोफ्लुओरेसन्सचे, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या प्रकाशाचे, प्रमाण वाढते, सरासरी खाली येते, आणि एफआरईटी झाले असे वाटते. वास्तविक काहीच झालेले नसते. म्हणून ज्यात डाय किंवा प्रथिन घातलेलेच नाही, अशा त्याच जातीच्या, तसेच फिक्स केलेल्या पेशी त्याच सेटिंगवर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक खूण डोळ्यांसमोर ठेवा. प्रत्येक पिक्सेलचा लाइफटाइम त्याच्या फोटॉनसंख्येसमोर मांडा. अंधुक पिक्सेलचे आकडे नुसते विखुरलेले असतील तर तो संख्येचा गोंगाट. ते एकाच दिशेला झुकत असतील, तर बॅकग्राउंड. फेझर आलेख (प्रत्येक पिक्सेलचा डीके एका ठिपक्याने दाखवणारा) वापरत असाल तर ओढ कुठे आहे ते बघा : सपाट बॅकग्राउंड ठिपक्यांना आरंभबिंदूकडे ओढते, स्कॅटर (१, ०) या बिंदूकडे.

कमी करायचे उपाय सांगतो. शक्य असेल तर तांबड्या भागात चमकणारा डाय निवडा, तिथे पेशीची स्वतःची चमक कमी असते. कल्चर मीडियममधला फिनॉल रेड आणि रायबोफ्लॅविन दोन्ही त्रास देतात, मोजण्याआधी साध्या बफरने धुऊन घ्या. ग्लुटराल्डिहाइडने फिक्स केलेले नमुने फार चमकतात, फॉर्मल्डिहाइड तुलनेने बरे. अल्डिहाइडची चमक सोडियम बोरोहायड्राइडने उतरते. लिपोफ्युसिनसाठी सुदान ब्लॅक बी वापरतात, पण ते स्वतः तांबड्या पट्ट्यात चमकते, तेव्हा तांबडा डाय असेल तर विचार करा. इमर्शन ऑइल कमी चमकणारे घ्या. कॉन्फोकलचा पिनहोल शक्य तितका आवळा.

लांब लाइफटाइमचा डाय चालत असेल तर सगळे गणितच बदलते. युरोपियमच्या संयुगांचा लाइफटाइम शेकडो मायक्रोसेकंद असतो. पल्सनंतर काही मायक्रोसेकंद थांबून मगच मोजायला सुरुवात केली, की तोवर पेशीची चमक आणि स्कॅटर दोन्ही विझलेले असतात. त्यासाठी लेसर अर्थातच खूप सावकाश चालवावा लागतो.

पायरी ८ : उरलेल्याचा हिशोब फिटमध्ये

वरचे सगळे करूनही थोडे उरतेच. ते हिस्टोग्राममधून चॅनेलगणिक वजा करावे असे वाटते. मी शक्यतो करत नाही. काउंटमधली अनिश्चितता पॉयसाँच्या नियमाने चालते आणि फिटचे वजन त्यावरच बेतलेले असते. वजाबाकीनंतर तळाला शून्य आणि ऋण काउंट येतात, तो नियम मोडतो आणि फिट किती जुळले हे सांगणारा काय-स्क्वेअरचा आकडा अर्थहीन होतो. त्यापेक्षा बॅकग्राउंड मॉडेलमध्ये घाला : सपाट भागासाठी एक ऑफसेट, स्कॅटरसाठी आयआरएफच्या आकाराचा एक घटक, आणि ब्लँकला शेपटी असेल तर ब्लँकचा मोजलेला हिस्टोग्राम, सेकंदांच्या प्रमाणात. नमुना बराच प्रकाश शोषत असेल, तर त्यातला स्कॅटर ब्लँकपेक्षा थोडा कमी असतो, तेव्हा त्या घटकाची उंची थोडी मोकळी ठेवा.

आयआरएफ स्वच्छ नसेल तर हे सगळे व्यर्थ. तो पातळ लुडॉक्सच्या (सिलिकाच्या बारीक कणांच्या) द्रावणावर लेसरच्याच तरंगलांबीवर घेतात, लेसर नीट मंद करून. फिल्टर बसवलेल्या मांडणीत लेसरची तरंगलांबी डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही, तिथे पोटॅशियम आयोडाइडने जवळपास विझवलेला एखादा डाय वापरता येतो. त्यातला उरलेला लाइफटाइम इतका आखूड असतो की आयआरएफ म्हणून चालतो, आणि रंगही नमुन्याच्या जवळचा मिळतो.

फिट झाल्यावर रेसिड्युअल, म्हणजे मोजमाप आणि फिट यांतला फरक, बघा. सुरुवातीलाच एक टोकदार वर-खाली असेल तर स्कॅटर राहिला किंवा आयआरएफ सरकला. शेवटाकडे एका बाजूला झुकत गेले तर ऑफसेट चुकला. सगळीकडे ठरावीक अंतराने लाट असेल, तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुठलातरी रेडिओ सिग्नल शिरतो आहे. झोत अडवून खोलीच्या मंद उजेडात एक लांब मोजमाप घ्या. ते सपाट यायला हवे, आणि तिथेही तीच लाट दिसली तर नमुन्याला दोष देणे थांबवा.

आणि शेवटी एक ओळखीचा डाय. क्षारीय पाण्यातले फ्लुओरेसीन ४ नॅनोसेकंदांच्या आसपास, पाण्यातले रोडामिन बी १.७ च्या आसपास, आणि पाण्यातले एरिथ्रोसिन बी ०.१ नॅनोसेकंदाच्याही आत. लांब लाइफटाइम असलेला डाय सपाट बॅकग्राउंड उघडे पाडतो, आखूड लाइफटाइम असलेला डाय स्कॅटर आणि आयआरएफची चूक. म्हणून एक लांब, एक आखूड असे दोन घ्या, आणि तुमच्या नमुन्याइतकेच मंद करून मोजा. उजळ डायवर यंत्र बरोबर निघाले म्हणून अंधुक नमुन्यावरही बरोबर आहे, असे धरता येत नाही. त्या दिवशीचा डार्क काउंटचा दर, ब्लँकचा दर, लेसरचा वेग आणि फिल्टरचे क्रमांक हे चार आकडे डेटाच्या फाइलशेजारीच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कोणी ‘हा ४० पिकोसेकंदांचा घटक कसला?’ असे विचारले, तर उत्तर तिथेच मिळेल.